हमरियाची सुभेदारी

हमरियाला बदली झाली तेव्हा सूर्यकांत देशमानेने घरी सांगितलं, "प्रमोशनच समज."

सुनेत्राने फोडणीतली मोहरी तडतडू दिली आणि विचारलं, "पगार वाढला का?"

"जबाबदारी वाढली."

तिने गॅस बारीक केला. लग्नाला वीस वर्षं झाली की नवऱ्याचं कोणतं वाक्य पोकळ आहे हे बाईला वाजवून बघावं लागत नाही.

खरी गोष्ट अशी होती, की दुबईत अल बर्शाच्या हेड ऑफिसात सूर्यकांतला कुठे ठेवावं हे कुणाला कळत नव्हतं. त्याचा साहेब सतीश. वयाने लहान, पण चढलेला. त्याने सूर्यकांतला बोलावून गोड शब्दांत सांगितलं होतं, "हमरियाचं यार्ड आणि मजुरांचा कॅम्प एवढा उन्हाळा सांभाळ. यार्डातले पोलादी मॉड्यूल जहाजावर चढले की तुला परत बर्शाला घेतो. प्रॉमिस." त्या प्रॉमिसवर सूर्यकांतने बर्शाला मेट्रोजवळचा फ्लॅटही बघून ठेवला. अल कुसैसच्या जुन्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट सारखी बंद पडायची, सुनेत्राची नोकरी बर्शाला आणि मुलगी ओवी कॉलेजात जायला लागली तरी हॉलमध्ये झोपायची. तेव्हा बर्शाला परत जायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. हमरियातली माणसं म्हणजे त्याच्या दृष्टीने वाटेतले खडे.

कॅम्पचं पाणी बाधतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून तो रोज घरून पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या आणि डबा न्यायचा. टेबलाखाली बाटल्या, वर एसी आणि बाहेर मरणाचं ऊन. यार्डात पोलाद इतकं तापायचं की हातमोज्यातूनही चटका बसे. माणसांच्या अंगावरचा कव्हरऑल घामाने भिजून वाळे, वाळून पुन्हा भिजे, आणि पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटत. सूर्यकांत ते काचेतून बघायचा. उंटावरून शेळ्या हाकायला या देशात खऱ्या उंटाची गरज नसते, खुर्ची पुरते.

कॅम्प म्हणजे एक अठरापगड गावच होतं. बिहारी, तेलुगू, नेपाळी, पठाण आणि शेवटच्या ब्लॉकात व्हिएतनामी. सूर्यकांत त्या शेवटच्यांना 'चिनी' म्हणायचा. त्यांच्यातला नोंग नावाचा बुटका, पन्नाशीचा माणूस पहिल्याच दिवशी शांतपणे म्हणाला, "चाइना नहीं साब. वियतनाम."

"एक ही है रे."

नोंग क्रेनला हाताने इशारे द्यायचा. टनावारी पोलाद हुकाला लटकलेलं असताना त्याचा पंजा उघडला की क्रेन हले, हात आडवा झाला की थांबे. खाली उभी असलेली माणसं वर बघतच नसत, नोंगच्या हाताकडे बघत. आणि कॅम्पमध्येही त्याचाच हात चाले. गॅसच्या शेगड्या कमी, माणसं जास्त. रात्रपाळीचा आधी रांधणार, आजाऱ्याच्या पेजेला पातेलं मोकळं ठेवायचं, भांडण झालं तर दोघांनी एका ताटात जेवायचं, हे सगळं त्याने ठरवून दिलेलं. त्याला कुणी नेमलं नव्हतं. तो आणि त्याची बहुतेक माणसं चीनच्या सीमेवरल्या डोंगरातली, तिथल्या वेगवेगळ्या जमातींची. आणि डोंगरात मोठं कोण हे सांगावं लागत नाही.

सूर्यकांतला हेच खुपलं. "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत," तो घरी म्हणाला. "आमच्या आजोबांनी पाटीलकी केली आहे. असली माणसं वेळीच खाली उतरवावी लागतात."

"आजोबा पाटलांचे कारकून होते ना?" सुनेत्राने विचारलं.

"तेच ते."

दुसऱ्या दिवशी त्याने हुकूम काढला. ब्लॉकवर कंपनीने नेमलेला कोऑर्डिनेटर राहील, तो तीन महिन्यांनी बदलेल, म्हणजे कुणाशी लागेबांधे व्हायला नकोत. पहिला मान तुआनचा. तुआन समुद्रकाठच्या शहरातला, इंग्रजी जाणणारा, कागदावर सही नीट करणारा पोरगेला माणूस. तो घाबरूनच गेला.

"सर, दे माउंटेन पीपल. आय सी-साइड पीपल. नो लिसन मी."

"तुम दोनों का पासपोर्ट एक है ना? खलास!"

वास्तविक दुबईतल्या मराठी मंडळात वऱ्हाडकडचा अध्यक्ष झाला, तेव्हा 'त्यांना आपल्याकडची रीत काय कळणार' म्हणत राजीनामा फेकणारा हाच सूर्यकांत. पण आपल्या गावचा ओढा सगळ्यांना दिसतो. दुसऱ्याच्या देशात सगळं सपाट वाळवंट.

तुआनने शेगड्यांचा तक्ता लावला. पहिल्याच संध्याकाळी रात्रपाळीची माणसं उपाशी कामावर गेली. दुसऱ्या दिवशी पातेल्यावरून झटापट झाली आणि एकाच्या मनगटावर गरम पेज सांडली. पण खरी गंमत यार्डात झाली. नोंगला क्रेनवरूनही काढलं होतं, त्याच्या जागी तुआन इशारा द्यायला उभा राहिला. कुणी नाही म्हटलं नाही. हूक खाली आला, माणसांनी साखळ्या अडकवल्या आणि शहाण्यासारखी दूर, चांगली दूर जाऊन उभी राहिली. पाइपांचा गठ्ठा वर गेला, वाऱ्याने गोल फिरायला लागला. त्याला दोरीने धरायला कुणी पुढे होईना. तुआन घडीत पंजा उघडत होता, घडीत हात आडवा करत होता, क्रेनवाला पठाण वरून शिव्या देत होता आणि तो गठ्ठा आभाळात डुलत राहिला.

"यल्ला! पकडो उसको!" सूर्यकांत केबिनच्या दारातून ओरडला.

"परमिट साइन करो साब," एकजण म्हणाला. "रूल."

पोलाद उचलण्याचं परमिट केबिनमध्ये होतं. ते सही करून आणून द्यायला सूर्यकांतला भर उन्हात यार्ड तुडवावं लागलं. परत केबिनपाशी येतो तोच दुसऱ्या गठ्ठ्यासाठी दुसरं परमिट. तिसऱ्या खेपेला त्याच्या पोटात मुरडा आला. डब्यातला दहीभात गाडीत तापून आंबला होता. ऑफिसचं बाथरूम लांब, म्हणून त्याला पोट धरून कामगारांच्या संडासाकडे पळावं लागलं. तिथे रांग होती. रांगेने न बोलता वाट दिली. कुणी हसलं नाही. हसले असते तर त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या.

आत शिरताना त्याने घरच्या पाण्याची बाटली शोधली, ती केबिनमध्येच राहिली होती. कॅम्पच्या पाण्यावर भागवावं लागलं.

संध्याकाळी सतीशचा फोन. "काय चाललंय? क्रेनच्या दिवसाकाठी तीन लिफ्ट? जहाज काय तुझ्यासाठी थांबणार आहे? असं असेल तर बर्शा विसर."

त्याच दिवसांत नोंग केबिनमध्ये आला. हेल्मेट काढून छातीशी धरलं. कपाळावर हेल्मेटच्या पट्ट्याची ओली रेघ, हातांवर वेल्डिंगचे जुने डाग.

"साब, माँ बीमार है. खाना बंद किया. मेरे को छुट्टी दो."

सूर्यकांतला एकदम बरं वाटलं. खोटं कशाला बोला, त्याला बरंच वाटलं. इतके दिवस ज्या माणसाला कुठे धरावं हे कळत नव्हतं, त्याने आपणहून आपली शेंडी त्याच्या हातात दिली होती.

"छुट्टी मिलेगी. इन्शाल्ला. जहाज़ निकलने दो."

"माँ जहाज़ नहीं जानती साब."

"देखो नोंग, तुम वापस क्रेन पे जाओ. किचन भी तुम देखो. तुआन को मैं हटाता हूँ. लोडिंग खतम, तुम फ्री. उसी दिन टिकट. मेरा वर्ड."

घरच्या आजारपणाच्या रजेची सही सूर्यकांतच्याच हातात होती. कंपनीचा तसा नियमच होता, माणूस त्याच दिवशी निघू शकला असता. पण नियम माणसाला सोडतो आणि सूर्यकांतला माणूस हवा होता.

नोंगने हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं. मग त्याची नजर टेबलाखालच्या बाटल्यांवर गेली.

"हमारे पहाड़ में भी पहले ऐसा साब आता था. बहुत पहले, राजा के टाइम. नीचे से आता था. पानी साथ लाता था."

"अच्छा? फिर?"

"फिर वापस जाता था."

सूर्यकांत खूश झाला. गडी नमला, असं त्याने मनाशी धरलं. रात्री जेवताना त्याने ओवीला सांगितलं, "ते व्हिएतनामच्या राजाचं जरा शोधून दे. भाषणात टाकतो. सतीश म्हणतोय, लोडिंग झालं की क्लायंटसमोर छोटा कार्यक्रम कर."

ओवीने मोबाइलवर वाचलं, तिला आवडलंही. "बाबा, इट्स सो इंटरेस्टिंग. राजा खाली ह्युएमध्ये. वर बॉर्डरला डोंगर, तिथे ते ताय, नुंग, ह्मोंग, सगळे वेगळे लोक. त्यांचे वंशपरंपरेचे सरदार होते. राजा त्यांना टोपी आणि झगा पाठवायचा, टायटल द्यायचा, की तू माझा माणूस, टॅक्स गोळा कर, बॉर्डर सांभाळ. मग एका राजाने ठरवलं, सरदार बंद. खालून ऑफिसर पाठवायचे आणि ते सारखे बदलायचे. दे वेअर टेरिफाइड ऑफ द वॉटर, बाबा! तिथे ताप यायचा. पोस्टिंग मिळालं की परत कधी जातो असं व्हायचं त्यांना."

"बघ," सुनेत्रा वाढता वाढता म्हणाली, "तुझ्या बाबांसारखे तिथेही होते."

सूर्यकांतच्या कानात मात्र दोनच शब्द शिरले होते. "टोपी आणि झगा! अगं, म्हणजे आपला फेटा आणि शाल. शाल-श्रीफळ! सत्कार करू त्या नोंगचा. माणूस पैशाने नाही गं, मानाने वाकतो."

"बाबा, वेट, द एंडिंग इज क्रेझी. तिथला एक सरदार चिडतो, आणि त्याचंही आडनाव नोंगच—"

पण तेवढ्यात सतीशचा फोन आला आणि सूर्यकांत गॅलरीत गेला. "केशरी फेटा नको रे," सतीश सांगत होता. "क्लायंट येणार, उगाच धर्मबिर्म नको. न्यूट्रल ठेव. पांढरा बांध."

पांढरा फेटा मंडळाच्या लेझीम पथकाचा होताच, चांगला लांबलचक, मलमलचा. शाल घेतली चाळीस दिरहमची. "म्हणजे हजार रुपये," तो सुनेत्राला म्हणाला. "मजुराच्या खांद्यावर हजाराची शाल. आमच्या आजोबांच्या वेळी..." सुनेत्रा आत निघून गेली.

इकडे यार्डात काम धावायला लागलं. नोंगचा हात वर झाला की माणसं मोडलेलं घर सावरावं तशी एकमेकांत गुंतून जात. कडक उन्हात काम बंद ठेवायची दुपारची कायद्याची सुट्टी सोडली तर उसंत नाही. सकाळी काळोखात सुरुवात, संध्याकाळी पुन्हा दिव्यांच्या उजेडात. एकाला उन्हाची भोवळ आली, त्याला नोंगने खांद्यावर टाकून सावलीत नेलं, त्याच्या तोंडात मीठसाखरेचं पाणी घातलं आणि परत येऊन हात वर केला. सूर्यकांत काचेआडून सतीशला फोटो पाठवत होता.

शेवटच्या लिफ्टच्या आदल्या दिवशी दुपारी ती माणसं शेडमध्ये नुसती बसलेली दिसली. मध्ये नोंग, भोवती सगळे. जेवण झाकलेलंच.

"ये मीटिंग किस बात की है?" सूर्यकांतने तुआनला विचारलं.

"सर, हिज मदर डाइड. मॉर्निंग, फोन कम."

"अरेरे." सूर्यकांत खरोखरच हळहळला, घोटभर पाणी पिऊन होईपर्यंत. मग म्हणाला, "मतलब अब वैसी जल्दी नहीं रही. कल काम करेगा ना?"

तुआनने त्याच्याकडे पाहिलं. "ही से, टुमॉरो हिज पीपल अंडर हूक. सो ही स्टे."

दुसऱ्या दिवशी शेवटचं मॉड्यूल जहाजावर चढलं. नोंगचा हात तसूभर हलला नाही.

कार्यक्रम मेसमध्ये झाला. क्लायंटचे दोन गोरे, सतीश, हेड ऑफिसचा फोटोग्राफर. टेबलावर सुनेत्राकडून आणलेली समई, उदबत्ती, नारळ. सूर्यकांतने भाषणात राजाची टोपी आणि झगा आणला, 'वन फॅमिली' तीनदा म्हटलं. मग नोंगला पुढे बोलावून त्याच्या खांद्यावर शाल घातली आणि पांढऱ्या फेट्याची घडी मोडली.

 मागे कुणीतरी बाक सरकवत होतं, ते थांबलं.

तुआन पुढे झाला. "सर, सर, प्लीज, नॉट व्हाइट..."

"चूप! बाद में!" सूर्यकांतने दातांतून म्हटलं आणि हसरा चेहरा ठेवून पहिला पेच नोंगच्या कपाळावरून घेतला. बांधता त्याला झकास येत होतं, ते नाकारता येणार नाही. नोंगने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सूर्यकांतने फोटोग्राफरला खूण केली, हे घे, हे घे.

पाठीवर शेमला सोडायच्या आत नोंगचा हात आडवा झाला. क्रेन थांबवायचा हात. सूर्यकांतही थांबला, का थांबला त्याचं त्याला कळलं नाही. नोंगने फेटा उतरवला, त्याचं टोक शोधलं, दातांत धरलं आणि टर्रकन एक पट्टी फाडली.

"अरे, मंडळाचा आहे तो!" सूर्यकांत पुटपुटला.

नोंगने पट्टी स्वतःच्या कपाळाला बांधली, गाठ मागे, दोन टोकं पाठीवर सोडलेली. मग दुसरी फाडली. माणसं एकेक करून पुढे आली, डोकं वाकवून पट्टी बांधून घेऊन समईसमोर झुकली आणि बाजूला झाली. डोंगरातले आले, शेवटी समुद्रकाठचा तुआनही आला. क्लायंटच्या गोऱ्याने टाळ्या वाजवल्या. "व्हॉट अ टीम," तो म्हणाला. सतीशचा चेहरा उजळला आणि त्याबरोबर सूर्यकांतचाही.

फेट्याचा शेवटचा तुकडा घेऊन नोंग त्याच्यासमोर आला.

"साब, आप भी."

"मैं भी?"

"आपने बाँधा. आप भी."

सूर्यकांतने मान वाकवली. नोंगने पट्टी आवळून बांधली, थोडी जास्तच आवळून. सूर्यकांत ताठ उभा राहिला, हात जोडले आणि कॅमेऱ्याकडे बघून तोंडभर हसला. त्याच संध्याकाळी त्याने नोंगच्या रजेवर सही केली. नोंगने शाल घडी करून टेबलावर ठेवली, पाण्याच्या बाटल्यांशेजारी, आणि गेला.

फोटो घरी दाखवला तेव्हा ओवीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"बाबा, हे मोर्निंगचं, म्हणजे सुतकाचं आहे. त्यांच्याकडे घरातलं कोणी गेलं की घरचे असं पांढरं बांधतात. हू डाइड?"

"त्याची आई. तू तो विषय—"

"कधी?" सुनेत्राने विचारलं.

"लोडिंगच्या आदल्या दिवशी."

"आणि त्याने रजा कधी मागितली होती?"

सूर्यकांत टीव्हीचा रिमोट शोधायला लागला. सुनेत्राने तो उचलून त्याच्या हातात दिला, आणि ती ज्या नजरेने बघून स्वयंपाकघरात गेली, तशी नजर माणूस खरकट्याकडेही टाकत नाही.

ओवी मात्र तिथेच उभी होती. "तुम्ही एंडिंग ऐकलंच नाही, बाबा. तो सरदार आहे ना, तो खालून आलेल्या ऑफिसर्सना पकडतो. मारत नाही. त्यांच्या तोंडावर गोंदवतो, की हे लाचखाऊ आहेत. आणि दे आर सेंट बॅक. खाली, सगळ्यांनी बघावं म्हणून."

"जुन्या गोष्टी आहेत त्या," सूर्यकांत म्हणाला.

आठवड्याने सतीशने बर्शाला बोलावलं. सूर्यकांतने इस्त्रीचा शर्ट घातला, जाताना सुनेत्राला म्हणाला, "आज ऑर्डर मिळेल बघ." हेड ऑफिसच्या लॉबीत शिरला आणि पाय तिथेच खिळले. समोरच्या अख्ख्या भिंतीवर तोच होता. पुरुषभर उंच चेहरा, कपाळाला सुतकाची पट्टी, जोडलेले हात आणि बत्तिशी. खाली सोनेरी अक्षरांत 'वन फॅमिली'.

"आवडला ना?" सतीशने पाठीवर थाप मारली. "क्लायंट फिदा आहे. पुढचं काम पण आपल्यालाच. आणि तुझ्याशिवाय ती माणसं कुणाचं ऐकणार नाहीत, हे मी वर पटवून दिलं. हमरिया तुझंच. तीन वर्षं तरी."

सूर्यकांतने बर्शाच्या प्रॉमिसची आठवण द्यायला तोंड उघडलं. पण तेवढ्यात सतीशने त्याला एका बाईंसमोर उभं केलं. हनोईच्या त्या बाई नवी माणसं पुरवण्याचं बोलणं करायला आल्या होत्या. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्यांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि मान लववली.

"आय एम सो सॉरी, सर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "युअर फादर? ऑर युअर मदर?"

सतीश चमकून वळला. लॉबीतल्या रिसेप्शनिस्टनेही मान वर केली.  खरं सांगायचं तर कुणाची आई, ती केव्हा वारली आणि रजेचा कागद कुणाच्या खणात पडून होता, हे सगळंच सांगावं लागलं असतं. सासवडला त्याची आई धडधाकट होती. सकाळीच तिने फोन करून विचारलं होतं, बाळा, तिकडचं ऊन जरा उतरलं का.

"मदर," सूर्यकांत म्हणाला.

"अरे सूर्यकांत! बोलला नाहीस एका शब्दाने!" सतीशचा हात त्याच्या खांद्यावर आला. "आणि तशातही लोडिंग पुरं केलंस? वेडा आहेस का? आत्ताच्या आत्ता रजा टाक. असल्या वेळी कंपनी कुणाला अडवत नाही."

आणि सूर्यकांतने ती घेतली.